वॉर्डातून विद्यापीठात, विद्यापीठातून वॉर्डात

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला १९२३ साली २२२ वर्षं झाली होती. तोवर तिथल्या डीनच्या खुर्चीत एकही बाई बसलेली नव्हती. पदवीपूर्व कॉलेजात मुलींना प्रवेश मिळायला तर अजून ४६ वर्षं जायची होती. अशा ठिकाणी त्या वर्षी पहिली स्त्री डीन झाली, आणि झाली ती कायद्याची किंवा साहित्याची नव्हे, नर्सिंगची. रुग्णाची पाठ पुसणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या, रात्र-रात्र खाटांमधून फिरणाऱ्या मुलींना वकील-डॉक्टरांच्या पंगतीत बसवायचं, हा त्या काळच्या मानानं आगाऊपणाच होता. तो करणाऱ्या बाईंचं नाव ॲनी वॉरबर्टन गुडरिच. वय ५७.

येल हे नाव आपल्या इतिहासाला अगदीच परकं नाही. एलायहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातला गव्हर्नर. इथल्या व्यापारात गबर झालेल्या या माणसानं १७१८ साली कनेक्टिकटमधल्या एका धडपडणाऱ्या कॉलेजला मालाचे नऊ गठ्ठे आणि ४१७ पुस्तकं पाठवली. माल विकून पैसा उभा राहिला आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. नर्सिंग स्कूलला देणगीदार मिळणं मात्र इतकं सोपं नव्हतं. कारण नर्सिंग शिकवायला वेगळा पैसा लागतो, हेच तोवर कुणी मान्य केलेलं नव्हतं. असं का, ते कळायला पन्नासेक वर्षं मागं जावं लागतं.

फुकटचे हात

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा निघाली, तेव्हा तिच्या पाठीशी लोकांनी जमवलेला स्वतंत्र निधी होता. अमेरिकेत हा नमुना १८७३ साली पोचला. त्या एका वर्षात न्यू यॉर्क, बॉस्टन आणि न्यू हेवन अशा तीन ठिकाणी शाळा सुरू झाल्या. न्यू हेवनची शाळा म्हणजे कनेक्टिकट ट्रेनिंग स्कूल. तिनं १८७९ साली शुश्रूषेवर एक हातपुस्तक काढलं. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

पुढं मात्र गाडी भलत्याच रुळावर गेली. हॉस्पिटलांच्या कारभाऱ्यांच्या एक गोष्ट लवकर लक्षात आली. पगारी नर्स ठेवण्यापेक्षा शाळा काढणं कितीतरी स्वस्त पडतं. विद्यार्थिनीला राहायला खोली, जेवण आणि हातखर्चापुरते चार पैसे दिले, की तीन वर्षं वॉर्ड चालतो. शिकून बाहेर पडलेल्या मुलीला नोकरी द्यायची गरज नाही, कारण तिच्या जागी नवी तुकडी उभीच असते. अमेरिकेत १८८० साली अशा पंधराच्या आसपास शाळा होत्या. १९०० साली त्या चारशेंवर गेल्या. बारा-बारा तासांची ड्यूटी, त्यानंतर रात्री पेंगत ऐकलेलं डॉक्टरांचं व्याख्यान, आणि वॉर्डात माणसं कमी पडली की तेही रद्द. काही हॉस्पिटलं तर विद्यार्थिनींना श्रीमंतांच्या घरी शुश्रूषेला पाठवत आणि तिथली फी स्वतःच्या तिजोरीत टाकत.

नर्सिंगच्या परंपरा म्हणून आज आपण जे ओळखतो, त्यातलं बरंचसं याच काळात घडलं. उमेदवारीचे महिने पार पडले की डोक्यावर पांढरी टोपी चढवण्याचा समारंभ व्हायचा. प्रत्येक शाळेची टोपी वेगळ्या घडीची असायची. शिक्षण संपलं की गणवेशावर शाळेचं बोधचिन्ह लावलं जायचं. नाइटिंगेल यांच्या नावानं आजही घेतली जाणारी शपथ त्यांनी स्वतः लिहिलेली नाही. डेट्रॉइटच्या फॅरँड ट्रेनिंग स्कूलमध्ये लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली, डॉक्टरांच्या हिप्पोक्रॅटिक शपथेच्या धर्तीवर ती तयार केली. शुद्ध आचरण, रुग्णाच्या गोष्टी गुप्त ठेवणं आणि डॉक्टरला निष्ठेनं साहाय्य करणं, हे तिचं सार. या समारंभांनी मुलींना मान दिला, एकमेकींची सोबत दिली, हे खरंच. पण टोपी मिळाली म्हणून ड्यूटीचे तास कमी झाले नाहीत. डॉक्टरशी निष्ठेचा शब्द शपथेत आला, स्वतःच्या शिक्षणावर हक्क सांगणारा एकही आला नाही.

तपासनीस बाई

गुडरिचबाई या व्यवस्थेतूनच वर आल्या होत्या. न्यू जर्सीत जन्म, बालपणी खाजगी शिक्षकांकडून झालेला अभ्यास, मग १८९२ साली न्यू यॉर्क हॉस्पिटलच्या शाळेतून नर्स. पुढं त्यांनी न्यू यॉर्कमधल्या एकामागून एक मोठ्या हॉस्पिटलांत प्रमुखपद सांभाळलं. बेलव्ह्यू हे त्यांतलं एक. १९१० पासून काही वर्षं त्या न्यू यॉर्क राज्याच्या नर्सिंग शाळांच्या तपासनीस होत्या. वेळापत्रकात काय लिहिलंय आणि मुली प्रत्यक्षात काय करताहेत, यातली दरी त्यांनी शाळेशाळेत जाऊन पाहिली. त्यानंतर न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीतल्या हेन्री स्ट्रीट केंद्राच्या घरोघर जाणाऱ्या नर्सची सेवा त्यांच्याकडं आली. एकटीनं जिने चढून जाणारी, वर डॉक्टर नाही, मेट्रन नाही, जे ठरवायचं ते स्वतः ठरवणारी नर्स तिथं त्यांना रोज दिसत होती. अशा नर्सला हुकूम पाळण्याची सवय पुरत नाही. तिला आजार कळावा लागतो, घर कळावं लागतं, माणूस कळावा लागतो.

मग पहिलं महायुद्ध आलं. सैन्याला हजारो शुश्रूषा करणारे हात तातडीनं हवे होते. काही आठवड्यांचं जुजबी प्रशिक्षण देऊन मदतनीस बायका भराव्यात, असा एक प्रवाह होता. गुडरिचबाईंनी उलट आग्रह धरला. सैन्यानंच पूर्ण अभ्यासक्रमाची शाळा काढावी, मुली शिकता शिकता सेवा करतील. १९१८ साली आर्मी स्कूल ऑफ नर्सिंग उभी राहिली आणि तिच्या डीन त्याच झाल्या. त्याच वर्षी फ्लूची साथ आली आणि नवख्या विद्यार्थिनी थेट तापाने भरलेल्या बराकींत पोचल्या. या शाळेतून १९२१ साली बाहेर पडलेल्या मुलींमध्ये व्हर्जिनिया हेंडरसन नावाची एक होती. तिच्याकडं आपण पुन्हा येणार आहोत.

युद्ध संपता संपता रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून एक समिती बसली. अध्यक्ष होते येलमधले सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक चार्ल्स-एडवर्ड विन्स्लो आणि प्रत्यक्ष पाहणी केली जोसेफिन गोल्डमार्क यांनी. कारखान्यांतल्या बायकांच्या कामाच्या तासांचा अभ्यास हा गोल्डमार्क यांचा जुना विषय. त्यामुळं नर्सिंग शाळांत शिरल्यावर त्यांनी टोपी आणि गणवेश पाहिले नाहीत, तास मोजले. १९२३ साली अहवाल छापून आला, त्याचा गाभा सरळ होता. हॉस्पिटलचं काम रुग्णांची सोय पाहण्याचं, शाळेचं काम शिकवण्याचं. दोन्ही एकाच तिजोरीतून चालली की अडचणीच्या दिवशी बळी शिक्षणाचाच जातो. तेव्हा शाळेला स्वतःचा पैसा हवा आणि निवडक शाळा विद्यापीठांत हव्यात.

येलचा प्रयोग

समितीचे अध्यक्ष येलचेच असल्यावर प्रयोगाला जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. रॉकफेलर फाउंडेशननं पाच वर्षांसाठी दीड लाख डॉलर दिले आणि गुडरिचबाई न्यू हेवनला आल्या. विद्यापीठात नर्सिंग शिकवणारी ही पहिलीच संस्था नव्हे. मिनेसोटा विद्यापीठानं १९०९ सालीच तशी सुरुवात केली होती, पण ती शाळा वैद्यकीय शाखेच्या पदराखाली होती. येलमध्ये नर्सिंगला स्वतःची डीन, स्वतःचे अध्यापक, स्वतःचं अंदाजपत्रक आणि स्वतःची पदवी मिळाली. जुनं कनेक्टिकट ट्रेनिंग स्कूल हळूहळू बंद करून त्याची जागा नव्या शाळेनं घेतली.

अभ्यासक्रम तीन वर्षांऐवजी २८ महिन्यांचा झाला. वेळ कमी आणि शिक्षण जास्त, हे जमलं कसं? तर नुसते हात वापरून घेण्यासाठी वाढवलेले महिने कापून. वॉर्डातली पद्धतही बदलली. जुन्या रीतीत एक मुलगी सगळ्यांचं तापमान घेणार, दुसरी सगळ्यांची ड्रेसिंग करणार, तिसरी अंथरुणं बदलणार. संध्याकाळी पन्नास रुग्णांना हात लागलेला, पण एकाचीही गोष्ट ठाऊक नाही. येलमध्ये विद्यार्थिनीला काम न देता रुग्ण द्यायला सुरुवात झाली. हा माणूस कुठून आला, घरी कोण आहे, आजार कसा वाढला, बरा होऊन परत गेल्यावर काय होणार, याचा अभ्यास तिनं लिहून मांडायचा. या पद्धतीमागं एफी टेलर यांचा मोठा हात होता. मूळच्या कॅनडाच्या टेलरबाई मनोविकारांच्या शुश्रूषेतल्या जाणकार. रुग्णाच्या देहाची आणि मनाची शुश्रूषा वेगळी करता येत नाही, हा त्यांचा धोशा.

प्रयोग टिकला. १९२९ साली रॉकफेलर फाउंडेशननं दहा लाख डॉलरचा कायम निधी दिला आणि शाळेचं पोट हॉस्पिटलपासून कायमचं वेगळं झालं. १९३४ साली गुडरिचबाई निवृत्त झाल्या, टेलरबाई डीन झाल्या आणि प्रवेशासाठी आधीच पदवी असण्याची अट आली. शिक्षण संपल्यावर मिळणार होती ती मास्टर ऑफ नर्सिंग. वकिलाला किंवा डॉक्टरला येलच्या दारात जी अट होती, तीच आता नर्सला.

यशाची किंमत

इथवरची गोष्ट चढत्या कमानीची आहे. पण विद्यापीठात प्रतिष्ठा मिळवण्याचा एक धोका असतो. विद्यापीठ आपल्या मापानं मोजू लागतं. १९५० च्या दशकात येलच्या कारभाऱ्यांनी नेमकं तेच केलं. नर्स घडवण्याचं प्राथमिक शिक्षण हे पदव्युत्तर दर्जाचं काम नव्हे, असं म्हणून नव्या मुलींना नर्स बनवणारा तो अभ्यासक्रमच बंद करण्यात आला. त्या दशकाच्या अखेरीला शाळेत फक्त आधीच नर्स असलेल्यांना प्रवेश उरला. ज्या वर्गासाठी गुडरिचबाई न्यू हेवनला आल्या होत्या, तोच वर्ग गेला. एका फटक्यात शाळेची अर्धी ओळख पुसली गेली.

नवल असं, की याच पडत्या काळात शाळेनं तिचं सर्वांत मोलाचं काम केलं. १९५३ साली व्हर्जिनिया हेंडरसन येलमध्ये संशोधक म्हणून आल्या, वय पंचावन्न-छप्पन्नचं. बर्था हार्मर यांनी १९२२ साली लिहिलेलं नर्सिंगचं पाठ्यपुस्तक पुढच्या आवृत्त्यांत हेंडरसनबाईंनी नव्यानं घडवलं होतं. हार्मरही येलच्या पहिल्या अध्यापकांपैकी. त्या पुस्तकाच्या १९५५ च्या आवृत्तीत नर्सचं काम काय, याचं हेंडरसनबाईंचं उत्तर आलं. अंगात बळ, मनात इच्छा किंवा पुरेसं ज्ञान असतं तर माणसानं स्वतःच्या प्रकृतीसाठी, किंवा शांत मृत्यूसाठी, जे स्वतःच केलं असतं, ते करायला त्याला मदत करणं. आणि लवकरात लवकर त्याला आपली गरज उरू नये असं बघणं. श्वास घेण्यापासून शिकण्यापर्यंतच्या त्यांनी मांडलेल्या चौदा गरजा आज महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजांतही पाठ केल्या जातात. या व्याख्येत डॉक्टरचं नाव नाही, हे लक्षात घेण्याजोगं. १८९३ च्या शपथेत ज्याच्याशी निष्ठेची ग्वाही होती तो बाजूला झाला, मध्यभागी रुग्ण आला.

येलमध्ये हेंडरसनबाईंनी हाती घेतलं ते काम किचकट. इंग्रजीत १९०० ते १९५९ या काळात नर्सिंगवर जे काही लिहिलं गेलं, त्याची चार खंडांची सूची. समाजशास्त्रज्ञ लिओ सिमन्स यांच्याबरोबर त्यांनी नर्सिंगमधल्या संशोधनाचा आढावाही घेतला. त्यातून निघालेला निष्कर्ष बोचरा होता. नर्स कोण असतात, का सोडून जातात, काय विचार करतात, यावर ढीगभर अभ्यास झालेत. पण नर्सनं केलेल्या शुश्रूषेनं रुग्णाला काय फरक पडतो, यावर जवळजवळ काहीच नाही.

उत्तर शोधायला फार थांबावं लागलं नाही. आयडा जीन ऑरलँडो यांनी येलमध्येच नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या प्रत्यक्ष संवादांच्या नोंदी तपासून १९६१ साली पुस्तक काढलं. रुग्ण जे मागतो ते आणि त्याला जे हवं असतं ते एकच असतं असं नाही, नर्सनं विचारून खात्री करून घ्यायला हवी, हा त्याचा मुद्दा. मग रेटॉग डुमास या कृष्णवर्णीय नर्सनं समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लेनर्ड यांच्यासह एक प्रयोग केला. शस्त्रक्रियेआधी घाबरलेल्या काही रुग्णांपाशी नर्स बसली, त्यांना कशाची भीती वाटते ते बोलू दिलं, ती भीती कमी होईपर्यंत त्यांच्याबरोबर राहिली. बाकीच्यांना नेहमीची वागणूक मिळाली. ज्यांच्यापाशी नर्स बसली, त्यांना शस्त्रक्रियेनंतर उलट्या कमी झाल्या. १९६३ साली हे प्रसिद्ध झालं. ‘सिस्टर नुसती गप्पा मारत बसते’ असं म्हणणाऱ्यांना आता आकड्यांत उत्तर होतं.

डीनची खुर्ची सोडून

त्याच १९६३ साली लंडनहून सिसिली साँडर्स नावाच्या डॉक्टर येलला व्याख्यान द्यायला आल्या. साँडर्सबाई आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर. मरणाच्या वाटेवरच्या रुग्णाच्या वेदना ताब्यात ठेवता येतात, ठरलेल्या वेळी औषध देत राहिलं तर तो शुद्धीत, आपल्या माणसांशी बोलत शेवटचे दिवस घालवू शकतो, हे त्या रुग्णांची छायाचित्रं दाखवून सांगत होत्या. ऐकणाऱ्यांत नर्सिंग स्कूलच्या डीन फ्लॉरेन्स वॉल्ड होत्या. त्याही येलमधूनच १९४१ साली नर्सिंग शिकलेल्या. त्यांच्या विद्यार्थिनी हॉस्पिटलातल्या कर्करोगाच्या वॉर्डांतून वैतागून परतत. रुग्णाला त्याचा आजार सांगितलेला नसे, उपचार थांबवायचे कधी हे कुणी ठरवत नसे, आणि नर्सनं तोंड उघडायचं नसे. आपण मुलींना शिकवतो एक आणि वॉर्ड त्यांच्याकडून करवून घेतो दुसरंच, हे वॉल्डबाईंना दिसत होतं.

काही वर्षांत त्यांनी डीनपद सोडलं. गुडरिचबाईंनी जी खुर्ची मिळवायला अर्धं आयुष्य घालवलं, त्या खुर्चीवरून उठून वॉल्डबाई रुग्णाच्या खाटेशी गेल्या. लंडनला साँडर्स यांच्या सेंट क्रिस्टोफर हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेसाठीच्या संस्थेत, राहून शिकल्या. परत येऊन एक धर्मगुरू आणि काही डॉक्टर यांना बरोबर घेऊन मरणासन्न रुग्ण आणि त्यांची घरं यांचा अभ्यास केला. त्यांचे पती इंजिनियर होते. तेही आपला धंदा सोडून हॉस्पिटलं कशी बांधावीत हे शिकायला बसले. १९७४ साली कनेक्टिकट हॉस्पिसची घरोघरी जाणारी सेवा सुरू झाली. अमेरिकेतल्या हॉस्पिस चळवळीची सुरुवात इथून धरतात. म्हातारपणी वॉल्डबाई तुरुंगात गेल्या, कैद्यांनीच मरणाऱ्या कैद्यांची शुश्रूषा करावी म्हणून त्यांना तयार करायला. २००८ साली त्या वारल्या.

साँडर्स यांनी लावलेलं हे रोप आपल्याकडंही आलं. देशातलं पहिलं हॉस्पिस मानलं जाणारं शांती अवेदना आश्रम १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुढं गोव्यातही त्याची शाखा निघाली. उपचार संपले तरी शुश्रूषा संपत नाही, हे तिथल्या सिस्टरांच्या रोजच्या कामातलं सूत्र.

ज्या वर्षी कनेक्टिकट हॉस्पिस उभं राहिलं, त्याच १९७४ साली येलच्या शाळेनं बंद केलेलं दारही पुन्हा उघडलं. दुसऱ्या कुठल्या विषयात पदवी घेतलेल्या, पण नर्स नसलेल्या मुलामुलींना तीन वर्षांत नर्स करणारा अभ्यासक्रम सुरू झाला. तेव्हा डीन होत्या डॉना डायर्स. इतिहास शिकलेला, संगीत शिकलेला किंवा जीवशास्त्र शिकलेला माणूस वॉर्डात आला तर तो रुग्णाकडं वेगळ्या डोळ्यांनी बघतो, ही त्यामागची धारणा. गुडरिचबाईंचा वर्ग परत आला, पण मधल्या सोळा-सतरा वर्षांत शाळा जे शिकली होती ते घेऊन.

आपल्याकडं १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर इथं नर्सिंगची विद्यापीठीय पदवी सुरू झाली. महाराष्ट्रात १९६४ साली एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज निघालं. हॉस्पिटलांना जोडलेल्या पदविकेच्या शाळा आणि विद्यापीठांची कॉलेजं आजही आपल्याकडं शेजारी शेजारी चालतात. दोन्हीकडं दिवा उजळून शपथ घेण्याचा समारंभ होतो, दोन्हीकडं आईबाप मुलीचा फोटो काढतात, आणि त्या समारंभाला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण येलच्या नर्सिंग स्कूलच्या शंभर वर्षांत जी परंपरा म्हणून उरली, ती टोपीत किंवा दिव्यात नाही. विद्यार्थिनीचा वेळ तिच्या शिक्षणाच्या खात्यावर जमा होतो की वॉर्डाच्या, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक पिढीला नव्यानं सोडवावा लागला. गुडरिचबाईंनी तो पैसा वेगळा करून सोडवला, हेंडरसनबाईंनी व्याख्या देऊन, डुमास यांनी मोजून दाखवून आणि वॉल्डबाईंनी खुर्ची सोडून. कुठल्याही नर्सिंग कॉलेजची पारख करायची तर त्याच्या समारंभाला जरूर जावं, पण त्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीचं ड्यूटीचं वेळापत्रक मागून घ्यावं.